४६ मिनिटं, ४५ सेकंद

आधी हेच सांगतो, कारण दुसरं काही आधी सांगणं मला जमणारच नाही. केनी ओमेगा नावाचा कॅनडाचा मल्ल धावत येतो, काझुचिका ओकाडा खाली वाकून त्याला पाठीवरून उडवतो, ओमेगा सगळ्यांत वरच्या दोरावरून थेट बाहेर जातो आणि खाली मांडलेल्या टेबलावर आदळतो. टेबल मोडतं. टोकियो डोममधल्या हजारो माणसांच्या तोंडून एकाच वेळी जो आवाज निघतो, तसा मी कुठल्याही खेळात ऐकलेला नाही. तारीख ४ जानेवारी २०१७. तुम्हाला वाटतं, संपलं. माणूस कसला उठतोय आता! तो उठतो. आणि लढत संपते तेव्हा घड्याळात ४६ मिनिटं ४५ सेकंद झालेली असतात, आणि मी खुर्चीवरून कधी उठून उभा राहिलो ते मलाच माहीत नसतं.

न्यू जपान प्रो-रेसलिंग. नाव लिहून ठेवा. मी सध्या भेटेल त्याला पकडून हे नाव सांगतोय, आणि लोक मला टाळायला लागलेत.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात वाढलेल्या पोराला डब्ल्यूडब्ल्यूएफ काय ते समजावून सांगावं लागत नाही. पत्ते होते ना आपल्याकडे! उंची, वजन, छाती, दंड. अंडरटेकरचा पत्ता हाती लागला की त्या दिवशी वर्गात मान ताठ. मग कुणाचा तरी थोरला भाऊ यायचा आणि सांगायचा, अरे येड्यांनो, सगळी नुरा कुस्ती असते ती. झालं. पत्ते कपाटात गेले. निकाल आधी ठरलेला असेल तर बघायचं काय, हा प्रश्न मला तेव्हा बिनतोड वाटला आणि पुढे कित्येक वर्षं वाटत राहिला. जत्रेच्या फडात नुरा लागली की माणसं कशी खवळतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना तर तो वाटणारच.

जपानमध्येही निकाल ठरलेलाच असतो. आणि तरीही!

ओमेगाचा एक हुकमी डाव आहे. प्रतिस्पर्ध्याला खांद्यावर बसवायचं आणि तिथून मानेवर खाली आणायचं. ‘वन-विंग्ड एंजल’ म्हणतात त्याला. त्यातून कुणी उठत नाही, असा त्याचा दरारा. त्या जानेवारीच्या लढतीत ओमेगा हा डाव लावायला पुन्हापुन्हा जातो आणि ओकाडा प्रत्येक वेळी निसटतो. डाव लागतच नाही! ओकाडा जिंकतो. ठीक. जूनमध्ये ओसाकात दोघं पुन्हा समोरासमोर. या वेळी डाव लागतो. बरोबर लागतो, आणि पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडायच्या आत ओकाडाचा पाय दोरावर पोचतो आणि मोजणी तुटते. म्हणजे डावाचा दरारा शाबूत, ओकाडाचा अजिंक्यपदाचा पट्टाही शाबूत. काय डोकं आहे बघा! मग दोघं इतके थकतात की ओकाडा त्याचा तो जगप्रसिद्ध ‘रेनमेकर’चा हात फिरवतो आणि ओमेगा चुकवत नाही, नुसता कोसळतो. कोसळल्यामुळे हात डोक्यावरून जातो. मी एकटाच बसून टाळ्या वाजवल्या. साठ मिनिटांची मुदत संपली, घंटा झाली, लढत बरोबरीत सुटली.

ऑगस्टमध्ये तिसरी. ही जी-वन क्लायमॅक्समधली, म्हणजे उन्हाळ्यात आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या साखळी स्पर्धेतली. तिथे मुदत तीसच मिनिटांची, म्हणून सुरुवातीपासून घाई, सुरुवातीपासून मारामार. आणि या वेळी डाव लागतो तेव्हा जवळ दोर नसतो. एक, दोन, तीन. सात महिने एका डावाची वाट पाहायला लावली या लोकांनी, आणि लावला तेव्हा पंचवीस मिनिटंही पुरी होऊ दिली नाहीत!

चौथी लढत २०१८ च्या जूनमध्ये, पुन्हा ओसाकात, तीनपैकी दोन वेळा चितपट करील तो जिंकला या बोलीवर, आणि वेळेची मुदतच नाही. ती तासाभराहून जास्त चालली. ओकाडाकडे तो पट्टा तेव्हा ७२० दिवस होता. तो ओमेगाने घेतला. निकाल ठरलेला होता? असेल. रामलीलेत रावण मरणार हे ठरलेलं नसतं का? लोक रात्रभर बसतातच की.

एवढं झाल्यावर मी या कंपनीचा मागचा पुढचा इतिहास अधाशासारखा वाचायला घेतला आणि पहिल्याच पानावर थबकलो. ६ मार्च १९७२, टोकियोतलं ओता वॉर्डचं व्यायाममंदिर, कंपनीचा पहिलावहिला कार्यक्रम. मालक, संस्थापक, सगळ्यांत मोठा तारा अंतोनिओ इनोकी शेवटच्या लढतीत उतरतो कार्ल गॉचविरुद्ध. आणि हरतो. स्वतःच्या कंपनीच्या उद्घाटनाला! जुन्या संस्थेने त्याला काही महिन्यांपूर्वीच हाकलून दिलेलं, हाताशी मोठी नावं नाहीत, लोकांना दाखवायचंय की आमचा माल अस्सल आहे. अशा वेळी कुणीही पहिला विजय स्वतःच्या नावावर लिहून टाकला असता. इनोकीने पराभव लिहिला. गॉच केवढा आहे ते आधी लोकांना दिसू दे, मग कधीतरी मी त्याला हरवीन तेव्हा त्याला किंमत येईल, असा तो हिशेब.

तिथे मला किल्ली सापडली असं वाटतं. या कंपनीला हरणं दाखवता येतं. बाकी सगळे जिंकणं विकतात. इथे हरणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा थांबतो, आणि ते हरणं कुणी विसरत नाही. कंपनी नाही, प्रेक्षक नाही, मल्ल तर नाहीच. २०१५ च्या ४ जानेवारीला ओकाडा डोममध्ये हिरोशी तानाहाशीकडून हरला. तो परत जाताना त्या लांबलचक रस्त्यावर ढसाढसा रडत होता. पैशांच्या नोटा उधळत येणारा, सोन्याची साखळी मिरवणारा उर्मट राजपुत्र, आणि असा रडतोय! बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, त्याच जागी त्याने तानाहाशीला हरवलं. वर्षभर लोकांनी ते रडणं जपून ठेवलं होतं.

हा कार्ल गॉच कोण, ते तर ऐकाच. जन्म बेल्जियममधला, इंग्लंडमध्ये विगनच्या बिली रायलीच्या आखाड्यात घडलेला, आणि जपानने त्याला कुस्तीचा देव ठरवून टाकलेला. न्यू जपानच्या पोरांना त्याने मेहनत शिकवली. कसली मेहनत? जोर, बैठका आणि मुद्गल! हिंदुस्थानी पैलवानांची मेहनत त्याने उचलली आणि टोकियोत नेऊन रुजवली. आजही तिथली पोरं शेकड्यांनी बैठका मारतात, घामाचं थारोळं साचेपर्यंत. जगभर तिला ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. आपल्याकडे पोरं जिमच्या आरशासमोर उभं राहून ते शिकतात, आणि गल्लीतल्या तालमीला कुलूप असतं. असो, तो वेगळा राग आहे.

टोकियोच्या सेतागाया भागात नोगे इथे कंपनीचा डोजो आहे. कोल्हापूरची तालीम ज्याने आतून पाहिली आहे, त्याला इथे काहीच समजावून सांगावं लागणार नाही. पोरं तिथेच राहतात, तिथेच झोपतात. झाडलोट करायची, थोरल्यांचे कपडे धुवायचे, सुमोवाल्यांचा तो चांकोचा रस्सा मोठ्या पातेल्यात शिजवायचा, आणि उरलेल्या वेळात वस्तादाकडून अंग मोडून घ्यायचं. या पोरांना ‘यंग लायन’ म्हणतात. काळी चड्डी, काळे बूट. बस्स. रंगीत कपडे नाहीत, टोपणनाव नाही, उड्या नाहीत, मिरवणं नाही. डाव मोजके. प्रतिस्पर्ध्याला पालथा घालून त्याचे दोन्ही पाय काखांत धरायचे आणि मागे बसत कंबर वाकवायची, बहुतेक लढती त्याच एका डावावर संपतात. तोही मोठ्यांनीच यांच्यावर लावलेला. कारण ही पोरं हरतात. वर्षानुवर्षं हरतात. कार्यक्रमाच्या पहिल्या लढतीत हरायचं आणि मग कपडे बदलून रिंगणाच्या कडेला बसायचं. कुणी मल्ल बाहेर पडला तर पाण्याची बाटली, थंड फवारा घेऊन धावायचं, लोकांनी फेकलेल्या रंगीत कागदी फिती गोळा करायच्या. मला आता मुख्य लढतीपेक्षा या पोरांकडेच बघायची सवय लागली आहे. एखादा हरायच्या बेतात असतो, दोर वीतभर लांब असतो, आणि तो नखं रोवून सरपटतो. त्या वेळी सगळं सभागृह त्याच्या नावाने ओरडत असतं. तो पोचत नाही. पोचणार नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ओरडतात!

मग एके दिवशी पोरगा परदेशी जातो, मेक्सिको, इंग्लंड, अमेरिका, कुठेही. काही महिन्यांनी, काही वर्षांनी परत येतो तेव्हा केस रंगवलेले, अंगावर झगझगीत झगा, नवा डाव, नवा माज. ओकाडा असाच परतला. २०१२ च्या ४ जानेवारीला त्याने डोममध्ये येऊन तानाहाशीला आव्हान दिलं तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तानाहाशीने त्याच रात्री पट्टा सलग अकरा वेळा राखण्याचा विक्रम केलेला, आणि हे चोवीस वर्षांचं शेंबडं पोर! महिना-सव्वा महिन्यात ओसाकात त्या पोराने त्याला चितपट केलं. चित्रफितीत त्या वेळचे प्रेक्षकांचे चेहरे बघा. माणसं चक्क घाबरलेली दिसतात.

इनोकीकडे परत जायला हवं, कारण हा माणूस एका परिच्छेदात मावत नाही. योकोहामात जन्म, पोरवयात कुटुंबाबरोबर ब्राझीलला, तिथे कॉफीच्या मळ्यावर राबणं, आणि तिथून त्याला उचललं कुणी, तर जपानी व्यावसायिक कुस्तीचा जनक रिकिदोझानने. १९७६ च्या जूनमध्ये हा गडी बुदोकानमध्ये मुहम्मद अलीसमोर उभा राहिला. उभा कसला, आडवाच झाला! पंधरा फेऱ्या तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. बरोबरी. जगाने नाकं मुरडली, अलीचे पाय मात्र इतके सुजले की उपचार घ्यावे लागले. आज मिश्र युद्धकलेचे भक्त त्याच लढतीला आपली आद्य लढत मानतात. त्याच वर्षी डिसेंबरात तो कराचीत अक्रम पैलवानाशी भिडला. अक्रम म्हणजे भोलू बंधूंपैकी, थेट गामाच्या घराण्यातला. तिथे गंमत राहिली नाही, हात मोडेपर्यंत गेली. आणि १९७९ साली लाहोरात त्याच घराण्यातला झारा, विशीही न गाठलेला, सूड घ्यायला उभा! पाच फेऱ्या झाल्या, निकाल लागला नाही, तेव्हा इनोकीनेच झाराचा हात धरून वर केला. भरलेल्या मैदानात, परमुलखात. पुन्हा तेच, बघा. या माणसाला दुसऱ्याचा हात वर करायला कमीपणा वाटत नव्हता.

आपला एक पंजाबीही या गोष्टीत आहे. टायगर जीत सिंग. पंजाबात जन्मलेला, कॅनडात स्थायिक झालेला, डोक्याला फेटा, तोंडात आडवी तलवार. १९७३ मध्ये त्याने इनोकीला रिंगणात नाही, शिंजुकूच्या इसेतान दुकानाबाहेर भर रस्त्यात गाठलं, इनोकी बायकोबरोबर खरेदीला निघालेला असताना! येणाऱ्याजाणाऱ्यांना काय वाटलं असेल? अख्खी पिढी या सरदारजीला घाबरत मोठी झाली.

मधला काळ मी भरभर पाहिला. १९८१ साली कार्टूनमधून उतरलेला टायगर मास्क, त्याच्या मागून लायगर, दोघेही बुटके आणि दोघेही हवेतले. ते स्वतंत्रपणे पाहायचेत, आत्ता नको. मग नव्वदचं दशक, तीन नवे शिलेदार, भरलेले डोम. २००० नंतर मात्र इनोकीने आपले मल्ल खऱ्याखुऱ्या मारामारीच्या लढतींत पाठवायला सुरुवात केली आणि ते तिथे आडवे झाले. युजी नागाता मिर्को क्रो कॉपपुढे पुरतं मिनिटभरही टिकला नाही. हे हरणं मात्र कुणी लिहिलेलं नव्हतं, आणि लोकांनी पाठ फिरवली.

त्या ओसाड वर्षांत तानाहाशी उभा राहिला. लांब केस, गोरागोमटा, स्वतःला शतकातून एकदा जन्मणारा मल्ल म्हणवणारा. कडवे जुने प्रेक्षक त्याची टर उडवायचे. तो जिंकल्यावर हवेतलं गिटार वाजवायचा, ‘आय लव्ह यू’चं जपानी ओरडायचा, आणि गावोगाव जाऊन कार्यक्रमांचा प्रचार करायचा. अर्धं रिकामं सभागृह असलं तरी गिटार वाजायचंच. हळूहळू पोरीबाळी आल्या, घरं आली. २०१२ मध्ये बुशीरोडने कंपनी विकत घेतली. ही बुशीरोड पत्त्यांचे खेळ विकणारी, हे वाचून मी मोठ्याने हसलो. आपली सुरुवातही पत्त्यांपासूनच! २०२३ च्या शेवटी तानाहाशी कंपनीचा अध्यक्ष झाला, आणि निवृत्तीसाठी त्याने तारीख निवडली ४ जानेवारी २०२६, टोकियो डोम. दुसरी कुठली निवडणार?

पण माझा माणूस वेगळा आहे. तेत्सुया नाइतो.

२०१३ चा जी-वन त्याने जिंकला. म्हणजे नव्या वर्षी डोममध्ये ओकाडाशी पट्ट्यासाठी शेवटची, मानाची लढत त्याची. लहानपणापासून त्याला हेच हवं होतं. आणि कंपनीने लोकांना मत विचारलं, शेवटची लढत कुठली हवी? लोकांनी नाइतोला नाकारलं. नाकामुरा या मल्लाची आणि तानाहाशीची लढत शेवटी ठेवा म्हणाले. नाइतोचं स्वप्न शेवटून दुसऱ्या जागेवर गेलं, आणि तो हरलाही. असा अपमान! पुढे तो मेक्सिकोला गेला, तिथल्या ‘लोस इंगोबेर्नाब्लेस’ टोळीत शिरला आणि परतला तो दुसराच माणूस. कोट-पँट, मुखवटा, कपडे काढायलाच दहा मिनिटं लावायचा. पट्टा मिळाला तर फेकून द्यायचा. बोटांनी पापणी ताणून डोळा वटारायचा आणि म्हणायचा, ‘त्रांकीलो’, घाई कसली? ज्या लोकांनी त्याला नाकारलं, तेच आता त्याची टोपी घालून बसायला लागले! २०१८ ला त्याला डोममध्ये शेवटची लढत मिळाली, तो हरला. २०२० च्या ५ जानेवारीला जिंकला, तेही ओकाडाला हरवून, दोन-दोन पट्टे घेऊन. आता तो आपल्या टोळीतल्या प्रत्येकाचं नाव पुकारणार, शेवटी सगळं डोम एकसाथ आरोळी देणार, सहा वर्षांचं देणं फिटणार, आणि नेमका केंटा नावाचा मल्ल मागून येतो, त्याला झोपवतो आणि त्याच्याच छातीवर बसतो. मी टीव्हीला शिव्या दिल्या. खरंच दिल्या. ती हाक डोममध्ये पुरी झाली २०२४ च्या ४ जानेवारीला. तोपर्यंत त्याचे गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरायला लागले होते. दहा वर्षं एका नामावळीसाठी!

आता जे ‘खोटं, खोटं’ म्हणतील त्यांच्यासाठी कात्सुयोरी शिबाता. ९ एप्रिल २०१७, र्योगोकूचं सुमोगृह. ओकाडाशी लढताना त्याने आपलं डोकं ओकाडाच्या डोक्यावर असं आपटलं की तो आवाज मायक्रोफोनशिवाय सभागृहभर गेला. कपाळावरून रक्ताची धार. लढत पुरी केली, चालत आत गेला आणि कोसळला. मेंदूजवळ रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया. ती फीत मी एकदा पाहिली, पुन्हा लावणार नाही, आणि तसं डोकं आपटणं कुणी करू नये असंच माझं मत आहे. शौर्य म्हणून त्याचे गोडवे गाणारे मला पटत नाहीत. शिबाता नंतर कंपनीच्या लॉस एंजेलिसच्या डोजोत वस्ताद झाला. २०२२ च्या जानेवारीत तो पुन्हा डोमच्या रिंगणात उतरला, समोर रेन नारिता, त्यानेच घडवलेला पठ्ठा, काळ्या चड्डीतला.

तर सुरुवात कुठून करायची, असं विचारताय ना? विचारत नसाल तरी सांगतो. साठ मिनिटांच्या लढतीपासून करू नका, दम लागेल. २०१३ च्या ऑगस्टमधली, जी-वनमधली, ओसाकातली इशी विरुद्ध हाच शिबाता, ती लावा. तोमोहिरो इशी बुटका, मान नसलेला, चाळिशीकडे झुकलेला, ज्याला कुणी कधी मोठं होऊ दिलं नाही असा. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि कोपराचे तडाखे द्यायला लागतात. तू मार, आता मी मारतो. कुणी मागे सरत नाही. जपानी प्रेक्षक एरवी कसा शांत बसतो, पकडीतली बोटंसुद्धा बघतो. इथे तो पहिल्या मिनिटापासून खुर्चीत नाही. बारा मिनिटांत सगळं संपतं.

मग ओकाडा-ओमेगा. चारही, क्रमाने. पहिल्या लढतीत तो डाव लागत नाही, दुसरीत पाय दोरावर जातो, हे सगळं मी आधीच सांगून बसलोय. तरी दुसऱ्या लढतीत तो पाय सरकायला लागेल तेव्हा तुम्ही ‘नाही नाही नाही’ म्हणून ओरडणार, पैज लावा. घरात कुणी झोपलेलं असेल तर दार तेवढं लावून घ्या.